निव्वळ वजन

कंटेनर सुटण्याआधी शेवटचा कागद माझा.
पिंपळगाव बसवंत. माल थॉमसन, बिनबियांचा.
मण्याचा व्यास अठरा मिलिमीटर, साखर सतरा ब्रिक्स,
देठ हिरवा, तापमान शून्याला लागून.
निव्वळ वजन तेरा हजार किलो.
चढणार न्हावाशेव्याला, उतरणार रॉटरडॅमला.
अकरा हंगाम हेच भरतेय.
पाण्याचा रकाना नाही. कधी नव्हताच.

मला तो सुचलाही नसता,
पण जानेवारीत एक बाई प्रशिक्षणाला आल्या,
चष्मा टेबलावर उलटा ठेवत म्हणाल्या,
किलोभर द्राक्षांमागे सहाशे लिटर धरा, मागेपुढे.
मग चहा आला, बिस्किटं आली,
विषय औषधांच्या अंशांवर गेला.
मी चलनाच्या पाठीवर
गुणाकार करत राहिले.
अठ्ठ्याहत्तर लाख लिटर.
बारा हजारांचा टँकर धरला तर साडेसहाशे टँकर
एका कंटेनरात,
आणि कसारा घाटात एक थेंब सांडत नाही.

तसं ते पाणी पेटीत नसतंच.
पालखेडच्या आवर्तनातून आलेलं, ठिबकच्या नळीतून मुळाशी गेलेलं,
ते कधीच पानापानांतून उडून गेलंय निफाडच्या उन्हात.
पेटीत जाते ती त्याची गोडी
आणि वर मऊ कागद.

तुळसा भोयेला हिशेब दाखवला.
ती सुरगाण्याची, तीन महिन्यांपुरती येते,
कात्रीच्या टोकानं तडकलेला मणी असा काढते
की शेजारच्या मण्याला पत्ता लागू नये.
तिच्या पाड्यावर आषाढात छपरावरची कौलं वाहून जातात
आणि मार्चात झिऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतो.
म्हणाली, "तिकडं पाणी नाय का त्यांना?"
मी मोबाईलवर वाचलं होतं ते सांगितलं:
त्यांची जमीन समुद्राच्या खाली आहे म्हणे बरीचशी,
रात्रंदिवस पंप लावून पाणी बाहेर फेकतात.
तिनं घड उलटा धरला, फिरवला,
डबीत बसवला.
"मंग?" एवढंच म्हणाली.
मला उत्तर आलं नाही.
पंख्यांचा आवाज फार होता.

संध्याकाळी कलंत्रींच्या दुकानात तूरडाळ घेतली.
पोत्यावर निळी अक्षरं, मोझांबिक.
मी उगाच तिथंच उभी.
म्हणजे तिथंही कुणीतरी असेल,
बंदरावर, पंख्याखाली, कार्बन घालून
पोत्यांचं निव्वळ वजन लिहिणारी.
तिच्या गावचा पाऊस माझ्या कुकरात,
आणि मी तीन शिट्ट्यांत तो मऊ करणार.
कलंत्री म्हणाले, ताई, सुटे पैसे आहेत का?
डाळ चांगली शिजली. खोटं कशाला सांगू,
दोनदा वाढून घेतली.

पुढच्या चलनावर मी कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा लिहिला.
बारीक, कुणाला दिसणार नाही असा.
एजंटाला दिसला.
"मॅडम, हे अठ्ठ्याहत्तर लाख काय? रुपये?"
म्हटलं, नाही, चुकून.
"खोडा मग. सिस्टीम घेणार नाही."
खोडलं.
तिथं कागद थोडा पातळ झालाय,
उजेडाकडे धरला तर कळतं.

हंगाम संपला तशी तुळसा ऑफिसच्या दारात आली.
पगार मोजून कमरेला लावला होता.
म्हणाली, तो कोपऱ्यातला जार नेऊ का,
औषधाचा नको, पिण्याच्या पाण्याचा तो.
वीस लिटरचा, कडेला थोडा चिरलेला, पण वरच्या बाजूनं.
मी तिला स्टँडपर्यंत सोडलं.
पेठ मार्गे सुरगाणा, गाडी भरलेली,
तिनं जार छातीशी धरला, लेकरू धरतात तसा.
कंडक्टरनं पंचाच्या टोकानं त्यावर ठकठक केलं,
पोकळ वाजला.
"रिकामाच ना?
मग लगेज नाही लागत. चला, मागे सरका."